दोष बाकाचा

विठूकाकांशी हात मिळवायचा असेल तर आधी बाकीची कामं उरकून घ्यावीत. पाणी पिऊन घ्यावं, फोन खिशात टाकावा, आणि शक्यतो डावा हात पुढे करावा, म्हणजे उजव्याने निदान जेवता येतं. कारण विठूकाका एकदा धरलेला हात सोडत नाहीत. तब्येत विचारतात, वाल कसा आला ते सांगतात, कंपनीतल्या सुपरवायझरची नक्कल करतात (वाईट करतात, पण ते जाऊ दे), मग "चल, येतो मी" म्हणतात आणि तरीही तिथेच. हात त्यांच्याकडे, आपण हाताला लटकलेले.

शांतीकाकू, म्हणजे त्यांची बायको, सांगते, "लग्नात भटजींनी माझा हात यांच्या हातात दिला गो. मंगलाष्टकं झाली, पंगत उठली, मांडववाले खुर्च्या न्यायला आले, तरी हे आपले धरूनच. शेवटी माझ्या भावाने, पोपटने, यांना काखेत गुदगुल्या केल्या तेव्हा सुटला माझा हात."

विठूकाका भगत हे आमच्या सरूचे बाबा. रोह्याच्या अलीकडे घर, घरामागे भात, भात निघाला की वाल, धाटावच्या कंपनीत शिफ्ट, आणि या सगळ्यातून उरेल तो सगळा माणूस कबड्डीचा. डावा कोपरा. चढाईवाल्याचा घोटा त्यांच्या हातात आला की त्याने घरच्यांना निरोप पाठवावा. आवाज असा, की काका नदीपलीकडच्या अष्टमी गावात कोणाला हाक मारतात तेव्हा पुलाच्या या बाजूला रोह्यात दोन-तीन माणसं "काय?" म्हणून वळतात.

पण त्यांच्या आयुष्यात एक खड्डा होता. काकांनी फायनल पुष्कळ गाठल्या, शेवटपर्यंत पाहिली एकही नाही. पहिल्या फायनलला शिट्टी झाली, चढाईवाला बाद झाला, तरी काकांनी पाय सोडला नाही. पंच सोडवायला आले, तर पंचांचाही पाय धरला. काढलं बाहेर. पुढच्या फायनलला नागोठण्यात तेच, फक्त पंच जाडे होते. आणि शेवटच्या वेळी तर काका खेळतही नव्हते. प्रेक्षकांत शेंगा खात बसले होते. चढाईवाला तोल जाऊन रेषेबाहेर आला, समोर घोटा दिसला, आणि काकांचा हात गेला. खेळाडू नसताना मैदानाबाहेर काढलं जाण्याचा मान रायगडात बहुतेक त्यांनाच मिळाला असेल.

"फायनलची शेवटची शिट्टी मी सगळ्या वेळी कंपाउंडच्या भायेरून ऐकली," काका सांगतात. हे सांगताना मात्र त्यांचा आवाज अष्टमीच्या पुलावरच थांबतो, पलीकडे येत नाही. "आतून कशी वाजते कोण जाणे. येगळी वाजत असंल."

तर असा माणूस आमच्या बास्केटबॉलच्या टीमचा कोच झाला. कसा झाला? आमच्या वैशाली मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, पेणची स्पर्धा तोंडावर आली, आणि टीमबरोबर कोणीतरी मोठं माणूस हवंच असा नियम. सरू आमची कॅप्टन. ती घरी म्हणाली, "कोणीच नाय गो येत." काका शिफ्टवरून येऊन जेवत होते. भाताचा घास हातातच राहिला. "मी हाय की."

मॅडम अष्टमीला माहेरी होत्या. काकांना नियम शिकवायला आम्ही सगळ्याच तिथे गेलो. मॅडमच्या मांडीवर बाळ झोपलेलं.

"काका, मुख्य गोष्ट. अंगाला हात लावायचा नाही."

"कोणाच्या?"

"समोरच्या टीमच्या."

काका विचारात पडले. "मग त्यांना कळणार कसं, आपण आलोय?"

मॅडमने एक मोठा श्वास घेतला. "हात लागला, धक्का लागला, की फाऊल. आणि समोरची मुलगी बॉल टाकत असताना लागला, तर तिला फ्री थ्रो. ती एका रेषेवर उभी राहणार आणि बॉल रिंगमध्ये टाकणार. दोनदा."

"आणि आपण तिला अडवायचं."

"नाही. कोणी अडवायचं नाही. कोणी तिचं लक्षही उडवायचं नाही. उडवलं आणि तिचा चुकला, तर तिला पुन्हा टाकायला मिळतो."

"मग आपण काय करायचं?"

"बघायचं."

"घरात चोर शिरला तरी कोण इतकं बघत नाय बसत," काका म्हणाले.

मॅडम पुढे गेल्या. एका डावात टीमचे मिळून चार फाऊल झाले, की त्यानंतर साध्या धक्क्यालाही दोन फ्री थ्रो. हे काकांना लगेच पटलं. "म्हणजे एकाने करायचं न् सगळ्यांनी भोगायचं. आमच्या शिफ्टसारखं."

"आणि एका मुलीचे पाच फाऊल झाले, की ती बाहेर."

काकांचा चेहरा एकदम उजळला. हे तर त्यांच्या घरचं निघालं! "हां! मेली. मग जिवंत कधी होते?"

आता, कबड्डीत आपला गडी बाद झाला तर काळजी नसते. आपल्या टीमने पॉइंट घेतला, की बाद झालेला जिवंत होतो आणि उड्या मारत आत येतो. काकांनी सगळा जन्म मरणं आणि जिवंत होणं यात काढलेला.

"नाही होत, काका."

"आपण पॉइंट घेतला की?"

"तरी नाही."

"दोन घेतले तर?"

"काका, नाही होत."

"म्हणजे कायमची मेली?" काकांनी हे इतक्या जोरात विचारलं, की बाळ दचकून रडायला लागलं आणि मॅडमची आई स्वयंपाकघरातून पिठाच्या हाताने धावत आली. "कोण गेलं? कोण गेलं गो?"

तिला पाणी देऊन बसवल्यावर मॅडमने शेवटचं सांगितलं. "काका, तुम्ही बाकावर बसायचं. उठायचं नाही, आत जायचं नाही, पंचांशी वाद घालायचा नाही. फाऊल कोचलाही मिळतो. त्याला टेक्निकल म्हणतात. एक झाला तर समोरच्यांना एक फ्री थ्रो. दुसरा झाला, की तुम्ही मैदानाच्या बाहेर."

'बाहेर' म्हटल्याबरोबर काका गप्प झाले. बाळसुद्धा गप्प झालं.

"ह्या टायमाला नाय," ते म्हणाले. "शेवटची शिट्टी बाकावर बसून ऐकणार. डिंक लावून बसंन, पण बसंन." आणि वचन म्हणून त्यांनी मॅडमचा हात हातात घेतला. पुढचा चहा मॅडमने डाव्या हाताने प्यायला.

पेणला गेलो. कोर्ट सिमेंटचं, कडेला गुलमोहर, आणि टेबलावर मांडलेली ट्रॉफी कुठल्याशा गणपतीच्या कारखान्यातून रंगवून आणलेली. ट्रॉफीला दोन्ही बाजूंना कान इतके मोठे आणि इतके सोनेरी, की काकांनी येता-येता चपला काढून तिला नमस्कार केला. सेमीफायनल आम्ही जिंकलो, कारण समोरची टीम वडखळच्या ट्रॅफिकमध्ये अडकली आणि त्यांच्यातल्या निम्म्याच पोरी वेळेवर पोचल्या. असू दे. जिंकणं ते जिंकणं.

फायनल यजमानांशी. पेणच्या टीममध्ये ईरा. उंच, शांत, आणि फ्री थ्रोच्या आधी बॉल आपटून कपाळावरच्या बटेवर फूऽ करून फुंकर मारणारी. फुंकर मारली की बॉल आतच.

आणि पंच अंबरीश सर. ते शाळेत मराठी शिकवतात. शिट्टी सोडली तर त्यांच्या तोंडातून परदेशी काही निघत नाही. सामना सुरू होतो न होतो, सरूचा हात ईराच्या कोपराला लागला, आणि,

"फुर्र! रोहा, क्रमांक सात! वैयक्तिक दोष!"

काका बाकावर माझ्या शेजारी. बसूनच माझ्या कानाशी वाकले. "काय म्हणाला?"

"वैयक्तिक दोष. म्हणजे पर्सनल फाऊल, काका."

"माझ्या पोरीत? काय दोष हाय तिच्यात?"

"नाही हो, तसं नाही..."

"फुर्र! पुन्हा क्रमांक सात! वैयक्तिक दोष!"

काकांनी मान हलवली. "हा माणूस खेळवायला आलाय का सोयरिक मोडायला?"

बाकावरच्या आम्ही सगळ्या ओढणीत, टॉवेलमध्ये, हाताला मिळेल त्यात तोंड खुपसून हसत होतो. पण काका उठले नाहीत. त्यांनी दोन्ही हात खाली नेले आणि बसल्या-बसल्या बाकाची फळी धरली. सरू पळाली की फळी कुरकुरायची. ईराने फुंकर मारली की फळी कुरकुरायची. आमचं लक्ष स्कोअरबोर्डकडे जायच्या आत आम्हाला फळीवरून कळायचं, काय चाललंय ते.

शेवटच्या डावात सरूचा पाचवा फाऊल झाला. "क्रमांक सात, पाच दोष. बाहेर!" सरू लाल डोळ्यांनी येऊन काकांच्या शेजारी बसली. तिच्या जागी किमया गेली. किमया आमच्यातली सगळ्यात लहान, चष्मा डोक्यामागे पायजम्याच्या नाडीने बांधलेला. तिला बॉल मिळाला तो चुकून, तिने टाकला तो घाबरून, आणि गेला आत!

आम्ही किंचाळलो. आणि मी वळून बघते तर बाकावर काका नाहीत.

"ऊठ गो सरू! पॉइंट आला! जिवंत झालीस!" काकांनी तिचं मनगट धरलेलं, आणि दोघं कोर्टाच्या मध्यात. सरू मागे ओढतेय, "बाबा, नाय होत! बाबा, नाय होत जिवंत!" पण ती पकड. ती सुटते कसली!

"फुर्र्र्र!" अंबरीश सर पळत आले. "अहो मार्गदर्शक! निघालात कुठे?"

"पोरगी जिवंत झाली, सर."

"कोण?"

"ही."

अंबरीश सरांनी सरूकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मला तर ती मघाशीही जिवंतच वाटली."

"तशी नाय, आता..." आणि तिथे काकांच्या डोक्यात काहीतरी सरकलं. अष्टमीचं अंगण, बाळाचं रडणं, मॅडमची आई. त्यांच्या तोंडावरचा रंग खाली उतरताना आम्हाला बाकावरून दिसला.

"मार्गदर्शकाला तांत्रिक दोष!"

"तांत्रिक?" काकांच्या तोंडून सवयीने निघून गेलं. "तांत्रिक असंल तर मेंटेनन्सला बोलवा ना, सर. मी प्रॉडक्शनचा."

पेणच्या पालकांत कोणीतरी खो-खो हसलं. अंबरीश सर हसले नाहीत. "आणखी एक दोष, आणि आपण मैदानाबाहेर. समजलं?"

ईराला एक फ्री थ्रो मिळाला. फूऽ. आत. आम्ही एका पॉइंटने मागे.

काका बाकावर येऊन बसले ते वेगळेच काका. बोलले फक्त एवढंच, "सरू, माझं तोंड धर."

"बाबा, लोक बघतात."

"मग मी बाक धरतो." आणि त्यांनी फळी धरली. नुसती धरली नाही, डाव्या कोपऱ्याची पूर्ण पकड घातली. दंडावरच्या शिरा फुगल्या, मान खांद्यात गेली, डोळे बारीक. अख्ख्या रायगडात असा चढाईवाला नव्हता, की ज्याला काकांनी इतकं घट्ट धरलं असेल जितकं त्यांनी त्या वेळी स्वतःला धरलं.

वेळ संपत आली. किमया बॉल घेऊन रिंगखाली घुसली, टाकताना तिला धक्का बसला, चष्मा नाडीसकट गळ्यात. फुर्र! तिला दोन फ्री थ्रो. वेळ तर संपलेलीच. कडेला कोणी उभं नाही, किमया एकटी, रिंग एकटी.

पहिला लोखंडाला लागून बाहेर.

फळी कुरकुरली.

दुसरा रिंगवर बसला, फिरला, विचार केला आणि पडला आत. बरोबरी! शिट्टी वाजली, लांबलचक.

काका फळी न सोडता माझ्याकडे वळले. डोळे भरलेले. "संपली? ही शेवटची?"

"नाही काका. बरोबरी झाली. अजून पाच मिनिटांचा डाव."

"मग ही शिट्टी?"

"ही... मधली."

काकांनी डोळे मिटले. मग एक उघडला. "नवीन डाव हाय, तर सरू..."

"नाही होत!" आम्ही बाकावरच्या सगळ्या एकदम ओरडलो, सरूसकट.

त्या पाच मिनिटांत काय काय झालं ते मला विचारू नका, मी निम्मा वेळ फळीकडेच बघत होते. तिचे खिळे वर आलेले दिसत होते. एवढं सांगते, की अगदी शेवटी आम्ही एका पॉइंटने पुढे होतो, दोन-तीन सेकंद उरलेले, ईराने रिंगखाली उडी मारली आणि किमयाचा हात तिच्या हाताला लागला.

"वैयक्तिक दोष! दोन मुक्त फेकी!"

ईरा रेषेवर. फूऽ. पहिला आत. बरोबरी.

आता दुसरा. काकांच्या गळ्यात एक शब्द वर येताना मला दिसला. तो 'पकड' होता, दुसरा कुठला असणार! कंठापर्यंत आला, काकांनी गिळला. पुन्हा आला, पुन्हा गिळला. ईराने बॉल आपटला. फुंकर मारली. हात वर नेले, आणि,

कडाऽऽड!

फळी निघाली. आम्ही सगळ्या एकीवर एक घसरत सिमेंटवर. ईराचा हात हलला, बॉल रिंगला लागून गुलमोहराकडे.

पेणचे पालक उठले. "मुद्दाम केलं! काढा त्याला बाहेर! आधीचा एक हाय त्याच्यावर!"

अंबरीश सर आमच्याकडे चालत आले. काका पाठीवर पडलेले, पाय वर, आणि छातीवर दोन्ही मुठींत फळी. सरू त्यांच्या कानात कुजबुजली, "बाबा, सांग, बाक कुजका होता. सांग ना."

"मार्गदर्शक," अंबरीश सर म्हणाले, "हे मुद्दाम केलंत?"

काकांनी सरूकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं. "बाक चांगला व्हता, सर. मला वरडायला आलं व्हतं. वरडू नये म्हणून बाक धरला. मग माझ्याकडून सुटला नाय."

सरूने कपाळावर हात मारला.

"आपण उठलात का?"

"नाय, सर. बाक खाली गेला. मी हाय तिथंच हाय."

अंबरीश सरांची मिशी हलली. एका बाजूने हलली, मग दुसऱ्या. ते टेबलाकडे गेले, तिथल्या माणसांशी काहीतरी बोलले, पुन्हा मध्यात येऊन उभे राहिले. काकांनी झोपल्या जागी डोळे मिटून घेतले. ओठ हलत होते. बहुतेक कानवाल्या ट्रॉफीलाच साकडं घालत असावेत.

"फुर्र! वैयक्तिक दोष नाही! तांत्रिक दोष नाही!" सर थांबले. शाळेत कविता म्हणतात तसा त्यांनी आवाज उचलला. "दोष बाकाचा! पेणला फेक पुन्हा!"

लक्ष उडालं आणि चुकला, तर पुन्हा. मॅडमने सांगितलंच होतं. ईरा पुन्हा रेषेवर आली, आणि ती हसू दाबत होती हे आम्हाला तिच्या खांद्यांवरून कळलं. फूऽ. आत. आमच्या किमयाने उरलेल्या सेकंदात बॉल रिंगच्या दिशेने भिरकावला, तो पालकांच्या डब्यांत पडला, आणि शिट्टी वाजली.

कोणी हललं नाही. आम्ही काकांकडे बघत होतो.

"ही?" काकांनी हळूच विचारलं.

"ही," मी म्हणाले.

"मधली नाय ना?"

"नाही काका. शेवटची."

"आणि मी आत हाय?"

"आत हायस, बाबा," सरू म्हणाली. ती हसत होती की रडत, तिलाच कळत नव्हतं. "खाली पडलायस, पण आत हायस."

काका आडवे पडल्या-पडल्या हसायला लागले. आधी पोट, मग खांदे, मग फळी. "पोरींनो, साफ येगळी वाजते गो! आतून साफ येगळी! पोटातच वाजते!" आणि मग आम्ही इतका धिंगाणा घातला, काकांना फळीसकट उचलून इतक्या नाचलो, की पेणच्या पोरींनी दोनदा बोर्डावर जाऊन बघितलं, नक्की जिंकलं कोण.

अंबरीश सर अभिनंदनाला आले तेव्हा मात्र पेच पडला. काकांनी फळीवरचा एक हात प्रयत्नपूर्वक सोडवला आणि सरांना दिला.

"विठ्ठलराव," थोड्या वेळाने सर म्हणाले, "हात."

"व्हय सर, लय बरं वाटलं."

"नाही, माझा हात. मला बक्षीस समारंभाला जायचंय."

फळी यजमानांच्या शिपायाने मागितली, ओढून पाहिली, पायाने अडवून ओढून पाहिली, आणि "घेऊन जा, दादा" म्हणून सोडून दिली. गाडीत काका पुढे बसले, फळी मांडीवर. वडखळ आलं.

"बाबा, सोड आता ती."

"नागोठणं येऊंदे."

नागोठणं आलं आणि मागे गेलं. "बाबा."

"रोहा येऊंदे."

घरी दारात शांतीकाकू उभी होती. तिने सरूचं तोंड पाहिलं, आमची तोंडं पाहिली. "हरलात?"

"हरलो!" काका इतक्या आनंदाने म्हणाले, की पडवीतली कोंबडी उडाली. "एका पॉइंटने! शेवटच्या शिट्टीपर्यंत!"

काकूने फळीकडे पाहिलं. फळीवरच्या मुठींकडे पाहिलं. मग घरात तोंड करून हाक मारली, "पोपट! ये रे भायेर. गुदगुल्या करायच्या हायत."